कोंबडीच्या चोचीची निगा आणि दुरुस्ती

कोंबडीची चोच म्हणजे जबड्याच्या हाडावर चढलेले केराटिनचे कवच असते. आपल्या नखांतही हेच द्रव्य असते, त्यामुळे चोच आयुष्यभर वाढत राहते आणि मातीत टोचे मारताना किंवा खाल्ल्यावर ती दगडावर घासून पुसताना झिजतही जाते. वरची चोच खालच्या चोचीपेक्षा किंचित लांब आणि टोकाशी वळलेली असणे स्वाभाविक आहे. तेवढ्यावरून कोणी हत्यार उचलू नये. मात्र टोक आकड्यासारखे खाली आले असेल आणि टिपलेला दाणा पुन्हा पुन्हा निसटत असेल, तर ते कमी करावे लागते.

हे काम संध्याकाळी करावे, कारण अंधार पडू लागल्यावर कोंबडी शांत असते. तिला टॉवेलमध्ये पंखांसह गुंडाळून कुशीत धरावे, पण छाती दाबू नये, अन्यथा तिला श्वास घेता येत नाही. चोचीमागे विजेरी धरली की फिकट चोचीत रक्तवाहिनीचा गडद भाग दिसतो. त्याच्या पुढचा फिकट भाग तेवढाच कमी करायचा. कुत्र्याची नखे कापायच्या कात्रीने काम लवकर होते, परंतु माझ्या मते नखे घासायची कानसच बरी, कारण तिनेही चूक होऊ शकते, पण ती चूक लहान राहते. गडद चोचीत रक्तवाहिनी दिसत नसेल, तर कात्री वापरूच नये. एकाच वेळी पूर्ण आकार देण्याचा हट्ट न धरता आठवड्याच्या अंतराने थोडे थोडे घासावे. रक्त आलेच, तर तुरटीची पूड किंवा कॉर्नफ्लॉवर लावून काही मिनिटे दाबून धरावे.

टोक तुटले असेल, तर प्रथम रक्त थांबवावे, जखम मिठाच्या सौम्य पाण्याने धुवावी आणि कोंबडीला वेगळे ठेवावे, कारण रक्त दिसले की इतर कोंबड्या तिथेच टोचतात. चोचीत नसा असतात, त्यामुळे वेदना होऊन ती खाणे सोडते. अशा वेळी खाद्य पाण्यात कालवून खोल भांड्यात द्यावे. भेग नाकपुडीपर्यंत गेली असेल किंवा हाड उघडे पडले असेल, तर घरगुती उपाय न करता पशुवैद्याकडे न्यावे.

वरची आणि खालची चोच कात्रीसारखी एकमेकींवरून जाणे हा दोष बहुधा पिल्लू वाढू लागल्यावर उघड होतो. तो बऱ्याचदा आनुवंशिक असतो, म्हणून अशा पक्ष्यापासून पैदास करू नये. काही जण चोच हाताने ओढून सरळ करू पाहतात. त्याने वेदनेखेरीज काही साधत नाही. भांडे तिच्या पाठीच्या उंचीवर ठेवून ओलसर भरडा दिला, तर अशी कोंबडी बहुधा पोट भरू शकते. तिला पिसे नीट विंचरता येत नसल्याने पिसांच्या मुळाशी उवा होतात, तेव्हा दर आठवड्याला वजनासोबत पिसेही तपासावीत.

चोच रबरासारखी वाकत असेल, तर ड३ जीवनसत्त्व, कॅल्शियम किंवा फॉस्फरस कमी पडत असण्याचा संभव असतो, आणि तेथे कानशीचा उपयोग नसून खाद्य बदलावे लागते. चोचीभोवती खपल्या किंवा तोंडात पिवळसर थर दिसला, तर तो कोंबड्यांचा देवी रोग (फाउल पॉक्स) असू शकतो; थर खरवडू नये, पक्षी वेगळा करून पशुवैद्याला दाखवावा, आणि औषध दिल्यास अंडी किती दिवस खाऊ नयेत हेही तेव्हाच विचारून घ्यावे.