मुंबईच्या रानात श्रमदान करताय? या चुका टाळा

फेब्रुवारीतल्या एका रविवारी आम्ही दहा-बारा जणांनी मिळून एकोणीस जिवंत रोपं उपटली. मुलुंडच्या बाजूला, डोंगराच्या पायथ्याशी आदल्या पावसाळ्यात लावलेल्या रोपांची मोजणी चालली होती. बिनपानांची काटकी दिसली की "ही गेली" म्हणायचं, उपटून ढिगावर टाकायची आणि वहीत फुली मारायची. जूनमध्ये तोच खड्डा परत वापरता येईल, असा हिशेब. तेवढ्यात पाड्यावरून खाली उतरणाऱ्या एक मावशी थांबल्या. त्यांनी ढिगातली एक काटकी उचलली, अंगठ्याच्या नखाने तिची साल खरवडली आणि माझ्यासमोर धरली. आत हिरवंगार. "सावर हाय ती ताई. पान टाकलंय तिनं," एवढं बोलून त्या रिक्षा पकडायला निघून गेल्या.

मुंबईचं रान पानझडी आहे. चार महिने धो धो पाऊस आणि मग आठ महिने कोरडे, असं इथलं गणित. पाणी वाचवायला काटेसावर, पांगारा, पळस, मोह सगळे आपापल्या वेळेला पानं टाकतात. शाळेत शिकलेलं असतं हे, पण हातात वही आणि डोक्यात आकडा असला की आठवत नाही. तेव्हा पहिली गोष्ट: रोप मेलं की नाही हे ठरवायची वेळ जुलै आहे, फेब्रुवारी नव्हे. त्याआधी शंका आलीच तर शेंड्याकडून नखाने खरवडत खाली या. शेंडा तपकिरी आणि ठिसूळ लागला तरी खाली कुठेतरी हिरवं लागतंच बहुतेक वेळा. तिथपर्यंतची सुकी काडी कापा आणि सोडून द्या. मूळ शाबूत असेल तर पहिल्या पावसात बुंध्यातून फुटवा येतो.

असाच गैरसमज सागाबाबत होतो. पावसाळा सरता सरता सागाची पानं जाळीसारखी होतात, नुसत्या शिरा उरतात. दरवर्षी कोणीतरी घाबरून फोटो पाठवतं आणि औषध कुठलं मारू म्हणून विचारतं. काही मारू नका. ती एका पतंगाच्या अळीची करामत आहे, झाड त्याने मरत नाही, आणि त्या अळ्यांवर पक्ष्यांची चंगळ असते. कारवी या डोंगरउतारावरच्या झुडपाचं तर विचारूच नका. सात वर्षं नुसती हिरवी राहते, आठव्या वर्षी डोंगरच्या डोंगर जांभळे करते आणि मरते. २०१६ला फुलली, मग २०२४ला. फुलोऱ्यानंतर उभ्या राहिलेल्या वाळक्या काड्या बघून "साफ करूया" म्हणणारे भेटतातच. त्या काड्यांवरच्या बोंडांत पुढची कारवी असते. दुसऱ्या वर्षीच्या पहिल्या सरींत ती बोंडं तडतडत फुटतात आणि बी उडतं. त्याआधी काड्या काढल्यात तर २०३२ला तिथे फुलायला काही उरणार नाही.

५ जूनची घाई

पर्यावरण दिन ५ जूनला येतो, मुंबईत मोसमी पाऊस साधारण ११ जूनला येतो, आणि तोही दरवर्षी दिलेला शब्द पाळतो असं नाही. मधल्या दिवसांत लावलेलं रोप तापलेल्या मुरमात बसतं. एखादी वळवाची सर येऊन जाते, रोप नवी पालवी काढतं, मग आठवडाभर ऊन पडतं आणि ते करपतं. लोक म्हणतात रोपं वाईट होती. रोपं बिचारी चांगलीच होती.

खड्डे एप्रिल-मेमध्ये खणा. डोंगरउताराला दीड फूट लांब, रुंद आणि खोल पुरतो. वरची काळसर माती एका बाजूला, खालचा मुरूम दुसऱ्या बाजूला. भरताना काळी माती आत, मुळांपाशी. लागवड मात्र दोन-तीन दमदार पाऊस झाल्यावर, माती वीतभर खोल ओली लागली की मगच. जूनचा शेवट ते जुलैचा मध्य हा उत्तम काळ. १९५०मध्ये तेव्हाचे केंद्रीय कृषिमंत्री कन्हैयालाल मुनशींनी वनमहोत्सव जुलैच्या पहिल्या आठवड्यात ठेवला तो उगीच नाही. कंपनीच्या मंडळींना ५ जूनलाच यायचं असेल तर त्यांना खड्डे खणायला, प्लॅस्टिक वेचायला किंवा जाळरेषेवरचा (वणवा अडवायला मोकळ्या ठेवलेल्या पट्ट्यावरचा) कचरा काढायला लावा. फोटो तेवढेच चांगले येतात.

लावताना होणाऱ्या चुका छोट्या असतात पण जीव घेतात. पिशवी पूर्ण न काढणं ही त्यातली सगळ्यात वाईट. बूड फाडलं की झालं असं अनेकांना वाटतं. पिशवी उभी चिरून अख्खी काढायची आणि रिकाम्या पिशव्या मोजून परत न्यायच्या. जितकी रोपं तितक्या पिशव्या हातात आल्या नाहीत तर समजायचं की कुठेतरी एक जमिनीत गेली. मुळं गोल गोल वेटोळी झाली असतील तर बोटांनी मोकळी करा, फारच गुंतली असतील तर खालचं वेटोळं कापा. याच कारणासाठी मला रानात सहा फुटी रोपं नको वाटतात. दिसायला भारदस्त, पण पिशवीत वर्षानुवर्षं कोंडलेली. दीड-दोन फुटांचं रोप दोन पावसाळ्यांत त्यांच्या पुढे निघून जातं.

उतारावर आळं गोल करू नका. रोपाच्या खालच्या बाजूला अर्धचंद्रासारखा बांध घाला, म्हणजे वरून येणारं पाणी तिथे थबकेल. सपाटीला उलट करायचं, रोप थोडं उंचवट्यावर. जुलैअखेरीस पानं पिवळी पडून रोप मलूल दिसलं तर खत घालायला धावू नका, बांधाला वाट करून पाणी काढून द्या. मुळं गुदमरलेली असतात.

आधी खाली बघा

आता खरं सांगायचं तर वरचं सगळं मी नंतर शिकले तरी चाललं असतं. सगळ्यात मोठी चूक याच्या आधीची आहे: लावायची गरज आहे का, हे न बघताच खड्डे खणायला घेणं.

माहीम-धारावीच्या सीमेवरचं महाराष्ट्र निसर्ग उद्यान आठवा. सुमारे ३७ एकर जागा, मूळची कचऱ्याची. तिथे जमिनीत ना मूळ होतं ना बी. लावणं हा एकच मार्ग होता आणि त्यातून उभी राहिलेली झाडी आज आपण बघतो. पण बोरिवली, गोरेगाव, मुलुंड, येऊरच्या उतारांवर तसं नसतं. तिथे तोडलेल्या, जळलेल्या, गुरांनी खाल्लेल्या ऐन, साग, असाणा, कुंभा, बोंडारा यांची मुळं जमिनीखाली तग धरून असतात. दर पावसाळ्यात वीतभर वर येतात आणि दर उन्हाळ्यात वणव्यात किंवा कोयत्याखाली जातात. त्यांची मुळं दहा-दहा वर्षांची असू शकतात. तुमच्या पिशवीतल्या रोपाला ती ताकद कुठून येणार?

म्हणून जुलैमध्ये एक अख्खा दिवस काही न लावता नुसतं चाला. सोबत रान ओळखणारा माणूस हवा. पाड्यावरच्या वारली कुटुंबांतलं कोणी आलं तर फार बरं, आणि त्यांच्या दिवसाचे पैसे द्या, नुसता वडापाव नको. आपोआप आलेलं प्रत्येक रोप, प्रत्येक फुटवा बघायचा, शेजारी काठी रोवायची आणि तिला जुन्या साडीची लाल पट्टी बांधायची. आम्ही पहिल्यांदा हे केलं तेव्हा साठ पट्ट्या नेल्या होत्या. अर्ध्या तासात संपल्या.

मग त्या रोपाभोवती हातभर गवत विळ्याने काढायचं, काढलेलं गवत तिथेच बुंध्याशी अंथरायचं. एका खुंटातून आठ-दहा फुटवे आले असतील तर दोन सरळ, जोमदार ठेवायचे, बाकीचे कापायचे. ऑक्टोबरात पुन्हा एकदा. एवढंच काम, पण पट्ट्या न बांधता गवतात कोयते चालवले की नेमकी हीच रोपं आधी कापली जातात. सप्टेंबरमध्ये गवत छातीपर्यंत आलेलं असतं, आत काय आहे दिसत नाही.

आणि पालापाचोळा! झाडून, गोळा करून, वर काडी लावून "स्वच्छ" केलेलं रान बघितलं की मला रडू येतं. तो पाचोळा हीच रानाची गोधडी. त्याच्याखाली ओल टिकते, बी रुजतं, सापसुरळ्या आणि विंचू राहतात. पडलेला ओंडकाही तिथेच राहू द्या. वाळवी लागली म्हणून झाडाच्या खोडावर काहीबाही ओतणाऱ्यांनी आधी मातीचा थर काठीने पाडून बघावं. ती बहुतेक वेळा वरची मेलेली सालच खात असते.

घाणेरी कापून संपत नाही

घाणेरी, टणटणी, लँटाना, काही म्हणा. बागेत शोभेसाठी आणलेली ही अमेरिकेकडची झुडपं आता डोंगरभर आहेत. लोक कोयत्याने जमिनीलगत सपासप कापतात, दुपारपर्यंत मैदान मोकळं होतं, सगळे खूश. पुढच्या पावसाळ्यात तिथे दुप्पट दाट जाळी. कारण फांद्या जिथून फुटतात तो गड्डा तसाच राहिलेला असतो.

दिल्ली विद्यापीठाचे प्रा. सी. आर. बाबू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उत्तराखंडच्या कॉर्बेट अभयारण्यात वापरलेली पद्धत आमच्याकडेही लागू पडते. कुदळीने बुंध्याभोवतीची माती जराशी बाजूला करायची, फांद्या फुटतात त्या गड्ड्याच्या खाली, जमिनीत ३ ते ५ सेंटीमीटरवर मुख्य मूळ तोडायचं आणि झुडूप उलटं करून, मुळं आभाळाकडे, तिथेच ठेवायचं. जमीन खणत बसायची गरज नाही. मातीची उलथापालथ झाली की आत निजलेलं घाणेरीचंच बी उठतं. काळी फळं धरलेली असताना हात लावू नका. ओढत नेताना तुम्हीच बी पेरत जाता, उरलेलं बुलबुल पेरतात.

एका फटक्यात डोंगर मोकळा करायचा मोहही आवरा. त्या जाळीत पक्ष्यांची घरटी असतात, आणि रिकाम्या जागेवर ऊन पडलं की आधी रानमोडी हे दुसरं परदेशी तण येतं. पट्टे पाडून काम करा, मोकळ्या झालेल्या पट्ट्यात जवळपासचं देशी गवत येऊ द्या, आणि दोन वर्षं त्याच पट्ट्यात परत परत जाऊन नवी रोपटी हाताने उपटा. रानमोडी मात्र फुलायच्या आधी, नोव्हेंबर संपायच्या आत काढा. तिचं बी वाऱ्यावर जातं.

गिरिपुष्प आणि सुबाभळीचं प्रकरण वेगळं. ती परदेशी असली तरी झाडं आहेत, परवानगीशिवाय त्यांना कुऱ्हाड लावता येत नाही. शहरात त्यासाठी १९७५चा वृक्ष संरक्षणाचा कायदा आहे, वनजमिनीवर तो निर्णय वनखात्याचा. आणि एकदम तोडण्यात शहाणपणही नाही. त्यांच्या सावलीत देशी रोपं येऊ द्या, ती डोक्याएवढी झाली की वरच्यांचं बघता येईल.

चुकीच्या जागी चांगलं झाड

प्रत्येक मोकळी जागा भरायची नसते. कातळावर पावसाळ्यात इवलीशी फुलं येतात, ती सावलीत जगत नाहीत. गवताळ माळ हाही वारसाच आहे. खाडीकाठी तर ही चूक महागात पडते. तिवरं म्हणजे खारफुटीची झाडं चांगली, न्यायालयाने २००५पासून त्यांना संरक्षण दिलंय, म्हणून कुणी उघड्या चिखलावरही तिवरं लावायला निघतं. ठाणे खाडीतला तोच चिखल रोहित पक्ष्यांचं ताट आहे. तिथे २०१५मध्ये अभयारण्य झालं आणि २०२२मध्ये पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय रामसर यादीत नाव गेलं, ते या चिखलासकट. मियावाकी या जपानी पद्धतीची दाट लागवडही सोसायटीच्या कोपऱ्यात किंवा उड्डाणपुलाखालच्या पट्ट्यात करा. रानात तिचं काम नाही.

सीड बॉल म्हणजे बी घातलेल्या मातीच्या गोळ्यांबद्दल थोडक्यात. उन्हाळाभर खाल्लेल्या आंबा, फणस, जांभळाच्या बिया धुऊन, खडखडीत वाळवून, मातीत वळून लोक मोठ्या प्रेमाने आणून देतात. या बिया वाळल्या की मरतात. जांभळाचं बी पंधरा दिवसांत रुजत घातलं नाही तर गेलंच म्हणायचं. त्यापेक्षा ताजं बी थेट पिशवीत लावा आणि वर्षभर गॅलरीत सांभाळा. बहाव्याचं बी वर्षभर टिकतं, पण कवच इतकं टणक की गरम पाण्यात रात्रभर भिजवल्याशिवाय ते दाद देत नाही.

परवानगी हा कंटाळवाणा विषय, पण टाळू नका. बोरिवलीच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या सुमारे १०४ चौरस किलोमीटरांत १९७२चा वन्यजीव कायदा लागतो. तिथून बी, काटकी, दगड काही उचलायचं नाही आणि आपल्या मनाने काही लावायचंही नाही. आधी वनपरिक्षेत्र अधिकाऱ्यांना लेखी अर्ज, मग त्या बीटच्या, म्हणजे त्या हद्दीच्या, वनरक्षकाशी बोलणं. वनरक्षकाला विश्वासात घेतलं की तो स्वतःच सांगतो कुठे वणवा लागतो, कुठे गुरं येतात.

मोजणीची वही मात्र बदला. किती लावली हा रकाना आम्ही काढूनच टाकला. आता फक्त लागवडीनंतरच्या तिसऱ्या वर्षीच्या जुलैत किती जिवंत, एवढंच लिहितो. त्या एकोणीस काटक्या आम्ही त्याच संध्याकाळी परत रोवल्या होत्या, शरमेने, पाणी घालून. त्यातल्या सात जूनमध्ये फुटल्या.

बाकी नेहमीचं: घोट्यावर येणारे बूट, जाड हातमोजे, उजाडताना आणि अंधार पडताना जाळीत वाकून काम नको कारण बिबटे आहेत, आणि पाचोळ्यात हात घालण्याआधी काठी घाला, कारण घोणस तिथेच पडून असते. दिवाळीनंतर खाजकुईलीच्या तपकिरी, मखमली शेंगा वेलींवर लोंबतात. त्यांची लव लागली तर चोळू नका, पाणीही लगेच मारू नका. चिकटपट्टी दाबून ओढा, बरीचशी लव निघते. आणि ते कपडे घरच्यांच्या कपड्यांबरोबर मशीनमध्ये टाकू नका. मी टाकले होते. सासूबाईंनी तो विषय अजून सोडलेला नाही.