शाळेला पुन्हा कुलूप लागले तर : खानदेशातील शिक्षक आणि पालकांसाठी

मार्च २०२० च्या मध्यावर कोरोनामुळे शाळा बंद ठेवण्याचा आदेश आला, तेव्हा सातपुड्याच्या पायथ्याशी असलेल्या आमच्या जिल्हा परिषद शाळेत वार्षिक परीक्षेची उजळणी चालू होती. पंधरा दिवसांचा प्रश्न आहे असे समजून आम्ही पोषण आहाराच्या तांदळाची कोठी झाकली, खिडक्या लावल्या आणि घरी गेलो. फळ्यावर त्या दिवशीचा दिनांक आणि पटसंख्या तशीच राहिली. पुढे राज्यातील नववी ते बारावीचे वर्ग २३ नोव्हेंबर २०२० पासून आणि ग्रामीण भागातील पाचवी ते आठवीचे वर्ग २७ जानेवारी २०२१ पासून टप्प्याटप्प्याने उघडू लागले, दुसऱ्या लाटेने ते पुन्हा बंद पाडले, आणि खेड्यांतील पहिली ते चौथीच्या मुलांना वर्गात बसण्यासाठी १ डिसेंबर २०२१ ची वाट पाहावी लागली. म्हणजे शाळा बंद झाली तेव्हा जे मूल पहिलीत होते, ते दुसरीचा वर्ग न पाहताच तिसरीत येऊन बसले.

त्या काळात आम्ही जे चुकलो आणि जे उशिरा शिकलो, त्यावरून हे टिपण तयार केले आहे. शाळा दीर्घकाळ बंद राहणार असेल, तर पाठ्यपुस्तक संपवण्याचा हट्ट बाजूला ठेवावा. प्रत्येक मुलाशी असलेला संपर्क तुटू देऊ नये आणि वाचन व हिशेब ही दोन कामे रोज, थोडी का होईना, चालू ठेवावीत. पुढे सांगितलेले सर्व काही या दोन गोष्टींसाठीच आहे.

आधी यादी, मग अभ्यास

पहिल्या काही आठवड्यांत मी व्हॉट्सअॅपच्या गटावर जवळजवळ रोज पीडीएफ पाठवत होतो आणि खाली उमटणारे अंगठे पाहून समाधान मानत होतो. पावसाळा सुरू झाल्यावर पाड्यावर जाऊन पाहिले, तेव्हा निम्म्याहून अधिक घरांत त्या फाइली कधी उघडल्याच गेल्या नव्हत्या. अंगठे देणारे वडील दिवसभर ट्रॅक्टरवर आणि फोन त्यांच्या खिशात. एका मुलाने मात्र आख्खा धडा पडद्यावरून सुंदर अक्षरात वहीत उतरवला होता. त्यातील एक ओळ वाच म्हटल्यावर तो माझ्याकडे पाहत राहिला, कारण त्याने अक्षरे चित्रासारखी काढली होती.

म्हणून बंदीच्या पहिल्या आठवड्यात शिक्षकाने अभ्यास पाठवू नये, यादी करावी. एका जाड वहीत, शाईने, प्रत्येक मुलासाठी एक पान ठेवून त्यावर पुढील माहिती लिहावी : घरात फोन कोणाचा आहे, तो साधा आहे की स्मार्ट, किती वाजता घरी असतो, रिचार्ज नियमित होतो का, शेजारी दुसरा क्रमांक कोणाचा मिळेल, घरात वाचता येणारे मोठे माणूस कोण आहे आणि घरात कोणती भाषा बोलली जाते. शेवटचा प्रश्न आपल्याकडे विशेष महत्त्वाचा आहे, कारण अमळनेर-पारोळ्याकडचे मूल अहिराणीत विचार करते, धडगाव-अक्कलकुव्याचे मूल पावरी किंवा भिलोरीत, आणि प्रमाण मराठीतील लांबलचक सूचना दोघांच्याही घरी सारखीच परकी ठरते. ही माहिती फोनमध्ये साठवून ठेवण्यावर विसंबू नये. उन्हाळ्यात रिचार्ज संपले की क्रमांक बदलतात, आणि फोन बिघडला तर यादीही जाते.

यादी झाली की मुलांचे तीन गट आपोआप दिसतात : ज्यांच्यापर्यंत रोज पोहोचता येते, ज्यांच्यापर्यंत फक्त संध्याकाळी पोहोचता येते, आणि ज्यांच्यापर्यंत फोनने पोहोचताच येत नाही. बहुतेक शिक्षक, मीही त्यात होतो, आपली सारी शक्ती पहिल्या गटावर खर्च करतात. खरे तर ती मुले कमी मदतीत तरून जातात, आणि शिक्षकाच्या पायांची गरज तिसऱ्या गटाला असते.

फोनवरून काय पाठवावे

केंद्र सरकारने जुलै २०२० मध्ये काढलेल्या ‘प्रज्ञाता’ मार्गदर्शक सूचनांत पहिली ते आठवीसाठी दिवसाला ३० ते ४५ मिनिटांच्या दोनपेक्षा अधिक ऑनलाइन तासिका नसाव्यात आणि नववी ते बारावीसाठी अशा चारपेक्षा अधिक नसाव्यात, असे म्हटले होते. आपल्या भागात रेंज आणि वीज यांचा भरवसा पाहता ती मर्यादाही क्वचितच गाठली जाते, त्यामुळे समोरासमोरच्या ऑनलाइन वर्गाचा अट्टाहास न धरता दोन-तीन मिनिटांचा आवाजी संदेश पाठवणे अधिक उपयोगी ठरते. तो संध्याकाळी सात-साडेसातला, फोन घरी आल्यावर जावा, त्यात एकच काम असावे, आणि सुरुवात मुलाच्या बोलीत असावी. ‘काय करी ऱ्हायना रे भाऊ?’ एवढे ऐकले तरी चौथीतला मुलगा फोन कानाला लावून बसतो. त्यानंतर मराठीतून काम सांगितले तर तो ते करतो. ज्याच्या घरी साधा फोन आहे त्याला तेवढ्याच मिनिटांचा कॉल करावा आणि पाच ओळी मोठ्याने वाचून घ्याव्यात.

दूरदर्शनच्या सह्याद्री वाहिनीवर त्या वर्षी जुलैपासून ‘टिलीमिली’ ही पहिली ते आठवीच्या मुलांसाठीची मालिका दाखवली गेली, आणि ज्या घरांत टीव्ही होता तिथे तिचा उपयोगही झाला. मात्र असा कार्यक्रम मुलाच्या समोर नुसता लावून देऊ नये. तो संपल्यावर मुलाने त्यातील एक कृती घरातल्या कोणाला तरी करून दाखवावी, असे ठरवून द्यावे.

ओट्यावरची शाळा

आमच्याकडे सर्वाधिक फळ दिले ते मारुतीच्या पाराने आणि घरांच्या ओट्यांनी. प्रशासनाने एकत्र येण्यास परवानगी दिलेली असेल तेव्हाच, गावात रुग्ण नसताना, उघड्या हवेत, पाच-सहा मुलांचा एक गट अंतर ठेवून, तोंडावर मास्क लावून बसवावा, आणि ज्याला खोकला-ताप आहे किंवा ज्याच्या घरी कोणी आजारी आहे त्याला त्या दिवशी घरीच काम द्यावे. गट इयत्तेनुसार करण्यापेक्षा गल्लीनुसार करावा, म्हणजे मुले गावभर फिरत नाहीत आणि एखाद्या घरी आजार निघाला तर कोणता गट थांबवायचा हे लगेच कळते. शिक्षक प्रत्येक गटाजवळ आठवड्यातून दोनदा पोहोचला तरी पुरते. उरलेल्या दिवशी गल्लीतील दहावी-बारावी शिकलेली सून, कॉलेज बंद असल्याने घरी असलेला मुलगा किंवा आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) माहेरी आलेली लेक हे काम आनंदाने करते, फक्त तिला नेमके काय करायचे ते कागदावर लिहून द्यावे लागते. ‘मुलांना शिकव’ असे सांगितले तर ती पाढे पाठ करून घेते. ‘प्रत्येकाकडून हा परिच्छेद एकदा वाचून घे आणि अडलेले शब्द वहीत लिहून ठेव’ असे सांगितले तर शिक्षकाला दुसऱ्या दिवशीचा पाठ तयार मिळतो.

उन्हाळ्यात आपल्याकडे पारा ४४-४५ अंशांवर जातो, तेव्हा सकाळी सात ते साडेआठ एवढीच वेळ धरावी.

बंदीच्या काळात पोषण आहाराचे तांदूळ आणि कडधान्य पालकांना कोरड्या स्वरूपात वाटले गेले. तो वाटपाचा दिवस वाया घालवू नये. महिन्यातून त्या एकाच दिवशी जवळजवळ प्रत्येक घरातील माणूस शाळेच्या फाटकाशी येते. धान्यासोबत पुढील महिन्याच्या स्वाध्यायपत्रिका द्याव्यात, मागच्या परत घ्याव्यात, आणि मूल सोबत आले असेल तर तिथेच, कडुलिंबाखाली, त्याचे दोन मिनिटे वाचन ऐकावे. पत्रिका प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून द्याव्यात, कारण पावसाळ्यात गळक्या घरातून परत येणारा कागद वाचण्यासारखा राहत नाही.

पालकांनी काय करावे

घराची शाळा करू नये. सकाळी दहा ते पाच मुलाला पुस्तकासमोर बसवण्याचा प्रयत्न आठवडाभर टिकतो आणि नंतर घरात रोजची भांडणे सुरू होतात. त्याऐवजी अभ्यास घरच्या एखाद्या ठरलेल्या कामाला बांधून टाकावा : दूध काढून झाले की वाचन, संध्याकाळी दिवा लागला की गणित. प्राथमिकच्या मुलाला दिवसाकाठी एक-दीड तास पुरेसा आहे, पण तो रोज हवा.

ज्या आईला स्वतःला वाचता येत नाही तिने आपला उपयोग नाही असे समजू नये. भाकरी थापता थापता तिने मुलाला मोठ्याने वाचायला सांगावे आणि ओळीखाली बोट ठेवायला लावावे. बोट थांबले की मूल अडले आहे हे तिला दिसते. वाचून झाल्यावर ‘यात काय झालं ते मला सांग’ एवढाच प्रश्न विचारावा. ज्याला कळले आहे तो गोष्ट सांगतो, ज्याला कळलेले नाही तो पुन्हा पुस्तकात डोके घालतो. येथे एक सावधगिरी सांगतो. लहान मुले मोठ्या भावंडांचे ऐकून धडा पाठ करतात आणि वाचल्यासारखे म्हणतात; आमच्या एका विद्यार्थिनीने तर पान चुकीचे उघडलेले असताना पूर्ण कविता ‘वाचून’ दाखवली. म्हणून कधीकधी सर्वांत खालची ओळ आधी वाचायला सांगावी.

गणितासाठी वेगळे साहित्य विकत आणण्याची गरज नाही. रावेर-यावल पट्ट्यात केळीचा घड उतरतो, तेव्हा घडाला किती फण्या आहेत आणि एका फणीला किती केळी आहेत हे मोजून गुणाकार करता येतो, आणि वरच्या-खालच्या फण्यांतील केळी सारखी नसल्याने अंदाज व प्रत्यक्ष मोजणी यांतील फरकही मुलाला हातात घेऊन पाहता येतो. कापूस वेचणीच्या दिवसांत कोणी किती किलो वेचला, किलोमागे मजुरी किती आणि क्विंटल भरायला किती उरला, हा हिशेब पाचवीच्या मुलाने रोज वहीत मांडावा. किराणा दुकानाची चिठ्ठी आणि विजेचे बिल हेही उत्तम धडे आहेत. बिलातील मागील व चालू रीडिंगची वजाबाकी कित्येक मोठ्यांनाही जमत नाही.

जी मुले हातची निसटतात

शाळा बंद झाली की मूल मोकळे आहे असे घराला वाटू लागते, आणि येथेच सर्वांत मोठे नुकसान होते. मुलगा शेतात आणि मुलगी चुलीजवळ व धाकट्या भावंडांजवळ जाते, आणि एकदा त्यांच्या कामावर घर चालू लागले की शाळा उघडल्यावरही त्यांना सोडणे जड जाते. घरच्या कामात हात लावू नये असे कोणी म्हणणार नाही, पण अभ्यासाची ती ठरलेली वेळ कामाने खाता कामा नये, हे शिक्षकाने पालकांना पुन्हा पुन्हा, न रागावता सांगत राहावे. आठवी-नववीतील मुलगी अचानक फोनवर बोलेनाशी झाली किंवा ‘मामाकडे गेली’ असे दोनदा ऐकू आले, तर प्रत्यक्ष घरी जावे. लग्न ठरत असल्याचा संशय असेल तर १०९८ या चाइल्ड हेल्पलाइनच्या क्रमांकावर, अंगणवाडी सेविकेला किंवा ग्रामसेवकाला कळवावे. हे करताना गावात थोडा रोष पत्करावा लागतो, तो पत्करावा.

ऊसतोडीला गुजरातकडे किंवा पश्चिम महाराष्ट्रात जाणाऱ्या कुटुंबांची गोष्ट निराळी आहे. ते निघण्यापूर्वीच मुलाचे शिक्षण हमी कार्ड (जातील तिथल्या शाळेत बसता यावे म्हणून स्थलांतरित मुलाला दिले जाणारे), चालू पुस्तक, एक कोरी वही आणि शिक्षकाचा क्रमांक मोठ्या अक्षरांत लिहिलेला कागद त्यांच्या गाठोड्यात जायला हवा. टोळीच्या मुकादमाचा क्रमांकही आपल्या वहीत घेऊन ठेवावा, कारण घरच्यांचा फोन बंद असला तरी मुकादमाचा सहसा चालू असतो.

ज्या घरात मृत्यू झाला आहे तिथे पुस्तक घेऊन जाऊ नये. नुसते जाऊन बसावे. काही दिवसांनी मूल स्वतःहून शाळेचे विचारते. आई किंवा वडील गमावलेल्या मुलांसाठी राज्याच्या महिला व बालविकास विभागाची बाल संगोपन योजना आहे. तिच्या कागदपत्रांत मदत करणे हे त्या घरासाठी दहा स्वाध्यायपत्रिकांहून मोलाचे ठरते.

कुलूप निघाल्यावर

राज्यात १ जुलै २०२१ पासून मागील इयत्तेच्या उजळणीसाठी ४५ दिवसांचा सेतू अभ्यासक्रम राबवला गेला. कल्पना योग्य होती, परंतु वर्षभराहून अधिक काळ शाळा न पाहिलेल्या तिसरीच्या मुलासाठी मागील इयत्ता म्हणजे दुसरी हे गृहीतच चुकीचे होते. त्यामुळे वर्ग उघडल्यावर पहिले तीन दिवस प्रत्येक मुलाला एकेकटे जवळ बसवून अक्षर, शब्द, ओळ आणि परिच्छेद यांपैकी ते कुठपर्यंत वाचते हे पाहावे, बेरीज-वजाबाकी हातच्याची येते का ते पाहावे, आणि दिवसातील पहिला तास इयत्ता विसरून त्या पातळीनुसार गट करून घ्यावा. पाचवीचा मुलगा दुसरीच्या मुलीशेजारी शब्द वाचायला बसला की त्याला लाज वाटते. त्याला गटाचा प्रमुख करून खडू-पाटी वाटण्याचे काम दिले तर तो टिकतो.

चौथ्या दिवशी हजेरीपट आणि ती जाड वही शेजारी-शेजारी ठेवून न आलेल्या मुलांची नावे काढावीत आणि त्याच संध्याकाळी त्यांच्या घरी जावे. ती वही नंतर फेकू नये. दर जूनमध्ये प्रवेशाच्या वेळी पालक समोर बसलेले असतात, तेव्हाच तिच्यातील क्रमांक नवे करून घ्यावेत आणि ती मुख्याध्यापकांच्या कपाटात ठेवावी.