कमी स्ट्रोकच्या लिनिअर ब्रशलेस मोटरचे फ्लक्स, रेझिस्टन्स आणि इंडक्टन्स मोजताना
ज्या लिनिअर (सरळ रेषेत सरकणाऱ्या) मोटरचा स्ट्रोक, म्हणजे सरकण्याचे अंतर, जेमतेम काही सेंटिमीटर आहे, तिला स्थिर वेग गाठायला जागाच नसते. त्यामुळे बॅक-ईएमएफ (मोटर हलताना तिच्या वाइंडिंगमध्ये, म्हणजे तारेच्या गुंडाळ्यांत, निर्माण होणारे व्होल्टेज) मोजताना व्होल्टेजच्या शिखरावर विसंबू नये, त्याच्या आलेखाखालचे क्षेत्रफळ घ्यावे. ड्राइव्हची (मोटर चालवणाऱ्या इलेक्ट्रॉनिक्सची) जोडणी सोडवून मोटरच्या तीन फेजांपैकी (वाइंडिंगच्या गटांपैकी) दोन फेजांवर ऑसिलोस्कोप लावावा, मूव्हर (मोटरचा सरकणारा भाग) हाताने एकाच दिशेने, मध्ये न थांबता ढकलावा आणि व्होल्टेज शून्यातून जाते अशा लागोपाठच्या दोन शून्यबिंदूंमधील व्होल्टेजचे इंटिग्रल, म्हणजे तेच क्षेत्रफळ, काढावे. हात हळू चालला किंवा जोरात, उत्तर तेच येते, कारण ते केवळ फ्लक्समधील बदल दाखवते, आणि हीच या पद्धतीची खरी ताकद आहे. त्या इंटिग्रलला 2√3 ने भागले की स्टार जोडणीतील (तिन्ही फेजांची एकेक टोके एकत्र जोडलेल्या मोटरमधील) प्रतिफेज फ्लक्स लिंकेज, म्हणजे वाइंडिंगशी जोडले जाणारे चुंबकीय फ्लक्स, मिळते. शून्यबिंदूच्या थोडे अलीकडून सुरुवात केल्यास एका पोल पिचहून (लागोपाठच्या दोन चुंबकीय ध्रुवांमधील अंतराहून) जरासा अधिक प्रवास पुरतो.

रेझिस्टन्ससाठी दोन फेजांमधून डीसी करंट सोडून वाइंडिंग तापण्याआधीच मोजमाप घ्यावे, कारण तांब्याचा रेझिस्टन्स दर अंश सेल्सिअसला सुमारे 0.39 टक्के वाढतो. इंडक्टन्ससाठी मूव्हर क्लॅम्पने पक्का जखडून लहानसे व्होल्टेज एकदम द्यावे आणि करंट अंतिम मूल्याच्या 63 टक्क्यांवर पोहोचायला लागलेल्या वेळेला त्या मार्गाच्या एकूण रेझिस्टन्सने गुणावे. दोन्ही उत्तरे दोन फेजांची मिळून असतात. प्रतिफेज मूल्य त्यांच्या निम्मे धरावे.