समुपदेशनात नव्याने येणाऱ्यांसाठी: नोंदवही, संमती आणि सुपरव्हिजन

ठाण्यात माझी प्रॅक्टिस आहे, आठवड्यातले काही दिवस नवी मुंबईतल्या एका कॉलेजात बसते, आणि समुपदेशनाचा डिप्लोमा किंवा एम.ए. करणाऱ्या मुलामुलींच्या केस फाइल्सही तपासते. प्रत्येक फाइलमध्ये ‘रिफ्लेक्शन’ नावाचं एक पान असतं आणि बहुतेक वेळा सगळ्या फाइलमध्ये तेच कोरडं असतं. ‘या सेशनमधून खूप शिकायला मिळालं. क्लायंटशी समानुभूतीने वागले. गोपनीयता पाळली.’ यातून वाचणाऱ्याच्या हाती काहीच लागत नाही. अशा पानावर मी एकच प्रश्न लिहून ते परत देते: हे लक्षात आल्यावर पुढच्या सेशनमध्ये तू काय वेगळं केलंस?

परीक्षकाला, मुलाखत घेणाऱ्याला, सुपरव्हायझरला (म्हणजे आपल्या कामावर मार्गदर्शन करणाऱ्या ज्येष्ठ समुपदेशकाला), सगळ्यांना तेवढंच बघायचं असतं. तत्त्वं सगळ्यांचीच पाठ असतात. ती वापरताना तुम्ही कुठे अडलात आणि मग काय ठरवलंत, हे दिसायला हवं.

डोनाल्ड शॉन यांनी १९८३ मध्ये मांडलेला फरक तुम्हाला अभ्यासक्रमात भेटला असेल: काम चालू असताना केलेला विचार आणि काम झाल्यावर केलेला विचार. ग्रॅहम गिब्ज यांचं १९८८ चं चिंतनाचं चक्रही असतं. वर्णन, भावना, मूल्यमापन, विश्लेषण, निष्कर्ष, पुढची कृती, अशा त्याच्या सहा पायऱ्या. सुरुवातीला हे चक्र खरंच उपयोगी पडतं. फक्त नवे लोक पान भरून वर्णन लिहितात आणि उरलेल्या पाच पायऱ्या चार ओळींत गुंडाळतात. माझं सांगणं असं की वर्णन तीन ओळींतच संपवा. वेळ द्यायचा तो भावनेला आणि विश्लेषणाला.

एक नमुना दाखवते. (इथली सगळी उदाहरणं अनेक प्रसंग मिसळून, ओळख पुसून लिहिली आहेत. तुम्हीही लिहिताना हेच करा. नाव बदललं म्हणजे ओळख पुसली असं होत नाही. कॉलेज, सोसायटी, वडिलांची नोकरी यावरून ठाण्यात माणूस दोन मिनिटांत ओळखू येतो.) शिकाऊ समुपदेशिकेची पहिली नोंद अशी होती: ‘क्लायंट बारावीत. घरी तणाव. आज तो फार बोलला नाही. रेझिस्टन्स जाणवला.’ (रेझिस्टन्स म्हणजे क्लायंटने बोलायला केलेला विरोध.) तिला विचारलं, तो गप्प कधी झाला? तिने आठवून पुन्हा लिहिलं: ‘तो म्हणाला, बाबांना सांगून काही उपयोग नाही. मी लगेच म्हणाले, त्यांनाही तुझी काळजी वाटत असेल. त्यानंतर तो हो-नाही एवढंच बोलला. मला त्या क्षणी अस्वस्थ वाटलं होतं, कारण आमच्या घरी वडिलांबद्दल असं बोलत नाहीत. त्याला थांबवण्याची घाई माझी होती. पुढच्या वेळी विचारीन, उपयोग नाही असं वाटायला काय काय घडलं?’ पुढच्या आठवड्यात तिने खरंच तसं विचारलं आणि तो बोलू लागला. दुसऱ्या नोंदीत ‘रेझिस्टन्स’ हा शब्द उरलाच नाही. याला मी चिंतन म्हणते, आणि परीक्षेत गुण मिळतात तेही अशाच नोंदीला.

स्वतःच्या घरातून, जातीतून, वर्गातून आलेल्या समजुती तपासणं हाही याचाच भाग आहे, आणि आपल्या भागात त्याची पदोपदी गरज पडते. ठाण्यातल्या नौपाड्यात वाढलेली समुपदेशिका घणसोली किंवा ऐरोली गावातल्या आगरी घरातल्या माणसासमोर बसते. तो भावाशी चाललेल्या भांडणाबद्दल आवाज चढवून बोलतो. फाइलमध्ये लिहिलं जातं, ‘राग आवरत नाही, सीमा आखण्याची गरज’. पण नवी मुंबई वसवणारी सिडको १९७० मध्ये आली, शेतजमिनी गेल्या, पुढे गेलेल्या जमिनीच्या बदल्यात साडेबारा टक्के योजनेत मिळालेल्या भूखंडावरून घराघरांत वाटे पडले. एवढं ठाऊक नसेल तर त्या रागाचं मूळ तुम्हाला दिसणारच नाही. ‘वेगळं राहा’ हा सल्ला मनात आलाच, तर तो क्लायंटच्या भल्याचा आहे की आपल्या घरच्या सवयीचा, हे नोंदवहीत स्वतःला विचारा. ठाऊक नसलेलं क्लायंटलाच विचारायला कमीपणा वाटू देऊ नका. ‘तुमच्याकडे हे कसं ठरतं, मला सांगाल?’ एवढं वाक्य पुरतं.

आता संमती. फॉर्मवर सही घेतली की संमती झाली असा समज फार पसरलेला आहे. संमती तोंडी, साध्या मराठीत, पहिल्या दहा मिनिटांत घ्यायची. मी मुलांना साधारण असं सांगते: ‘तू इथे बोलशील ते माझ्याकडेच राहील. तीन गोष्टी मात्र मला पुढे सांगाव्या लागतील. तुझ्या जिवाला धोका आहे असं वाटलं तर, तुझ्याकडून दुसऱ्या कुणाच्या जिवाला धोका आहे असं वाटलं तर, आणि अठरा वर्षांखालच्या कुणावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं तर. सांगण्याआधी शक्यतो तुझ्याशी बोलेन. माझ्या सुपरव्हायझरशी मी माझ्या कामाबद्दल बोलते, तुझं नाव न घेता. चालेल? काही विचारायचंय?’ मग थांबायचं. तो खरंच विचारतो.

त्यानंतर दार उघडून आई आत येते. ‘मॅडम, काय म्हणाला तो? फी आम्ही भरतो, आम्हाला कळायला नको?’ हा प्रश्न तुम्हाला येणारच, म्हणून त्याची तयारी आधी करा. पहिल्या भेटीत पालक आणि मुलगा दोघांना समोर बसवून ठरवून घ्या की काय सांगितलं जाईल आणि काय नाही. अल्पवयीन मुलाच्या बाबतीत पालकांची संमती लागते आणि त्यांची काळजीही खरी असते, त्यामुळे ‘गोपनीय आहे’ म्हणून दार लावून घेणं बरोबर नाही. मी म्हणते, ‘ताई, त्याच्या जिवाला धोका वाटला तर पहिला फोन तुम्हालाच करीन. बाकीचं त्याने स्वतः तुम्हाला सांगावं, त्यासाठीच आम्ही काम करतोय. महिन्यातून एकदा तिघं बसू.’ बहुतेक आयांना हे पटतं. ज्यांना पटत नाही त्यांच्याशी पुन्हा बोलावं लागतं, आणि त्यासाठीही वेळ काढावा लागतो.

कायद्याचं थोडक्यात. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ च्या कलम २३ मध्ये गोपनीयतेचा हक्क आहे आणि त्याचे अपवादही दिलेले आहेत. कलम ११५ नुसार आत्महत्येचा प्रयत्न केलेल्या व्यक्तीवर तीव्र ताण होता असं गृहीत धरायचं असतं. घाबरलेल्या कुटुंबाला हे सांगता आलं पाहिजे, कारण ‘पोलीस केस होईल’ या भीतीने लोक दवाखान्यात जायचं टाळतात. पोक्सो, म्हणजे मुलांना लैंगिक गुन्ह्यांपासून संरक्षण देणारा कायदा, २०१२, याच्या कलम १९ नुसार अठरा वर्षांखालच्या मुलावर लैंगिक गुन्हा झाल्याचं कळल्यावर पोलिसांना किंवा विशेष बाल पोलीस पथकाला कळवणं प्रत्येकावर बंधनकारक आहे, आणि न कळवल्यास कलम २१ खाली शिक्षा आहे. कॉलेजात काम करणाऱ्यांनी हे नीट समजून घ्या. सतरा वर्षांच्या दोघांनी राजीखुशीने ठेवलेले संबंधही या कायद्याच्या कक्षेत येतात. मुलीच्या विश्वासाचं काय, घरी कळल्यावर तिच्यावर काय ओढवेल, तिला सुरक्षित कसं ठेवायचं, हे प्रश्न तुम्हाला झोपू देणार नाहीत. म्हणून अपवाद पहिल्या दिवशी सांगायचे. तिने काय सांगायचं ते तिला जाणून ठरवता यावं, एवढा मान तिला द्यायलाच हवा.

ठाण्यात काम करताना आणखी एक अडचण हमखास येते. क्लायंट तलावपाळीवर दिसतो, राम मारुती रोडवर खरेदीत दिसतो, ठाणे-वाशी लोकलच्या डब्यात समोरच्या सीटवर बसलेला असतो. त्याच्याबरोबर घरचे असतील तर आपण ओळख दाखवायची नाही. त्याने दाखवली तर हसून नमस्कार, पुढे काही नाही. हेही पहिल्या भेटीत सांगून ठेवा, नाहीतर ‘मॅडमनी ओळख दाखवली नाही’ हे त्याला लागतं. सोसायटीतल्या काकू लिफ्टमध्ये ‘सुनेबद्दल जरा बोलायचं होतं’ म्हणतात, तेव्हा त्यांचं दुःख खरंच असतं. पण रोज जिन्यात भेटणाऱ्या माणसाचं समुपदेशन आपण करू नये. दुसऱ्या चांगल्या समुपदेशकाचा नंबर द्यावा आणि पुढे तो विषय काढू नये.

निकालानंतर आलेले पेढे मी घेते. सेंटरच्या टेबलावर ठेवते, एक क्लायंटसमोर खाते, नोंदवहीत एक ओळ लिहिते. साडी किंवा पाकीट घेत नाही. लग्नपत्रिका आली तर सेशनमध्येच बोलते: ‘मी आले तर लोक विचारतील मी कोण, तेव्हा तुम्हाला कसं वाटेल?’ आपल्याकडे सरसकट नाही म्हणणं म्हणजे माणसाला दूर ढकलणं होतं आणि सरसकट हो म्हटलं तर नात्याचा घोळ होतो. प्रत्येक वेळी विचार करून ठरवावं लागतं आणि का ठरवलं ते लिहून ठेवावं लागतं.

ऑनलाइन सेशनमध्ये आधी विचारा, ‘आत्ता खोलीत कोण आहे?’ कोपरखैरण्याच्या वन रूम किचनमध्ये एकटेपणा मिळत नाही. कुणी गच्चीवरून बोलतं, कुणी पार्किंगमधल्या गाडीतून. कुणी आलं तर काय म्हणायचं हे दोघांनी ठरवून ठेवावं.

आपल्या कक्षेचं भान हा नीतीचाच भाग आहे. समुपदेशक निदान करत नाही, गोळ्या कमी-जास्त करायला सांगत नाही. ‘क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट’ म्हणून काम करायला भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी लागते, ती नसेल तर पाटीवर ते लिहू नका. मानसोपचारतज्ज्ञाकडे पाठवताना शब्द जपून वापरा. ठाण्याचं मनोरुग्णालय १९०१ पासूनचं आहे आणि ‘ठाण्याला पाठवा याला’ हे टोमणे ऐकत इथली माणसं मोठी झाली आहेत. म्हणून मी नुसतं नाव-पत्ता देत नाही. झोप, भूक, सतत येणारे विचार यांवर औषध काय मदत करू शकतं, आपलं बोलणं कसं चालूच राहील, हे सांगते आणि नंतर एकदा फोन करून विचारते. रात्री-अपरात्री आधार लागला तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर क्लायंटच्या फोनमध्ये सेव्ह आहे ना, तेही बघते.

ऐरोली-महापेच्या कंपन्यांत कर्मचाऱ्यांसाठी समुपदेशक म्हणून काम मिळालं तर करारावर सही करण्याआधी विचारा: एचआरला मी काय द्यायचं आहे? किती जणांनी सेवा घेतली हा आकडा द्यायला हरकत नाही. कोण आलं, काय बोललं, यातलं काहीही द्यायचं नाही. लहान टीम असेल तर ‘एका मॅनेजरबद्दल तक्रारी आहेत’ एवढ्यानेही माणूस उघडा पडतो. मुलाखतीत हा प्रश्न तुम्ही स्वतःहून विचारलात तर समोरच्याला तुमचं काम कळतं.

शेवटी सुपरव्हिजन. नोकरी लागली की नवे लोक पहिली काट इथे मारतात, कारण फी खिशातून जाते आणि सुरुवातीचा पगार तुटपुंजा असतो. तरी मोडू नका. दर वेळी परवडत नसेल तर चार-पाच जणांचा गट करून एक ज्येष्ठ समुपदेशक बोलवा, फी वाटून घ्या. तिथे क्लायंटची सगळी कहाणी सांगत बसू नका. ज्या पाच मिनिटांत तुम्ही अडलात तेवढीच, संवादासकट, लिहून न्या. जो क्लायंट फार आवडतो आणि ज्याच्या सेशनला जावंसं वाटत नाही, त्या दोघांना आधी न्या. सुपरव्हायझरने सुचवलेलं करून पाहिलंत की पटलं नाही म्हणून सोडलंत, ते तारीख घालून वहीत लिहा. सोडलंत तर कारणही लिहा, आणि पुढच्या भेटीला ती वही बरोबर घेऊन जा.