ऑइलचा दिवा लुकलुकतोय? इंजिन उतरवण्याआधी या चुका टाळा

भरलेली पिकअप खंबाटकी चढून माथ्यावर उभी राहते, इंजिन स्लोवर (रेस न देता चालू) येतं आणि मीटरमध्ये झारीच्या चित्राचा लाल दिवा लुकलुकायला लागतो. जरा रेस दिली की विझतो. अडीच-तीन लाख किलोमीटर झालेल्या डिझेल पिकअपला हे दुखणं नवं नाही. यावर ड्रायव्हर म्हणतो, ‘रेस दिल्यावर जातोय ना, मग चालतंय.’ आणि गॅरेजवाला म्हणतो, ‘इंजिन बांधायला लागेल.’ प्रेशर मात्र दोघांपैकी कोणीच मोजलेलं नसतं.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की हवी. ऑइल पंप फक्त ऑइल ढकलतो. प्रेशर तयार होतं ते पुढच्या अरुंद वाटांमुळे, म्हणजे मुख्यतः क्रँक (इंजिनचा मुख्य फिरता दांडा) आणि त्याला धरणारी बेअरिंग यांच्यामधल्या केसाएवढ्या फटीमुळे. ठिबकची मोटर नवी कोरी असली तरी एका लॅटरलची (नळीची) एंड कॅप निघाली की बाकीचे ड्रिपर कोरडे पडतात, तसंच हे आहे. म्हणून नुसता पंप बदलून काम भागेलच असं नाही.

न तपासताच दिव्याला खरं मानणं, किंवा खोटं

दिव्याचा स्विच प्रेशर साधारण ०.३ ते ०.५ किलोच्या (दर चौरस सेंटीमीटरला) खाली गेल्यावरच लागतो. तोवर प्रेशर जवळजवळ संपलेलंच असतं. त्यामुळे चालत्या गाडीत दिवा लागला तर ‘गॅरेजपर्यंत नेतो’ हा विचार नको. इंजिन बंद करा. सपाट जागी दहा मिनिटं थांबून डिपस्टिक बघा.

लेव्हल बरोबर असेल तर चावी चालू, इंजिन बंद ठेवून स्विचची वायर काढा. एका वायरचा साधा स्विच असेल तर दिवा विझायला हवा. तरीही पेटलेलाच राहिला, तर वायर कुठेतरी घासून बॉडीला लागली आहे. वायर जोडून चावी फिरवल्यावर दिवा लागतच नसेल, तर ते जास्त वाईट: बल्ब गेलाय, वायर तुटलीय, किंवा कोणीतरी कटकट नको म्हणून वायर काढून ठेवलीय. जुनी गाडी घेताना हे जरूर बघा. स्विच बसवताना टेफ्लॉन टेप गुंडाळू नका. या स्विचला अर्थिंग आट्यांतूनच मिळतं, शिवाय टेपचे तुकडे ऑइलच्या वाटेत जाऊ शकतात.

गेज न लावता निदान

स्विच काढून त्या जागी मेकॅनिकल गेज (प्रेशर दाखवणारं सुईचं मीटर) लावा. आटे जुळणारा अडॅप्टर घ्या, जबरदस्तीने पिळू नका; ब्लॉकचे आटे गेले तर नवीनच काम निघतं. थंड इंजिनवरचं रीडिंग फसवं असतं, कारण घट्ट ऑइल झिजलेल्या बेअरिंगलाही प्रेशर दाखवतं. गाडी वीसेक मिनिटं चालवून, ऑइल पूर्ण तापल्यावर स्लोवर आणि २००० आरपीएमला बघा. ढोबळ हिशेब दर हजार आरपीएमला ०.७ किलो, म्हणजे १० पीएसआय. गरम स्लोवर एक किलोच्या आसपास आणि २००० ला अडीच-तीन किलो मिळत असतील, तर जुन्या इंजिनला उगाच हात लावू नये. शेवटचा शब्द अर्थात त्या इंजिनच्या हँडबुकमधल्या आकड्याचा.

सुई कशी हलते हे आकड्याइतकंच महत्त्वाचं. थंडीत छान, गरम स्लोवर पडते, रेसवर उठते: बेअरिंग झिजलंय किंवा ऑइल पातळ झालंय. रेस देऊनही जागची हलत नाही: रिलीफ व्हॉल्व्ह (जादा प्रेशर सोडून देणारी झडप) उघडा अडकलाय, किंवा पंप गेलाय. सुरुवातीला चांगलं, लांब रेसवर पडतं आणि गाडी थोडी उभी ठेवली की परत येतं: चेंबरमधली (इंजिनच्या तळाशी ऑइल साठतं त्या भांड्यातली) जाळी गाळाने तुंबलीय. सुई थरथरते: लेव्हल कमी आहे, किंवा जाळीच्या नळीचा ओ-रिंग हवा ओढतोय.

जाड ऑइल ओतून दिवा विझवणं

१५डब्ल्यू-४० च्या जागी २०डब्ल्यू-५० टाकलं की दिवा महिनाभर गप्प बसतो. बेअरिंगची फट तेवढीच राहते. पहाटेच्या थंड स्टार्टला टर्बोपर्यंत ऑइल उशिरा पोचतं, आणि आधी टर्बो जातो. गाडी विकायची असली की हा उपाय हमखास केला जातो, एवढं खरेदी करणाऱ्याने लक्षात ठेवावं.

लेव्हल वाढली म्हणून खूश होणं

इंजिन ऑइल कधीच आपोआप वाढत नाही. वाढलं असेल तर त्यात डिझेल किंवा पाणी उतरतंय. डिपस्टिकवरचा थेंब बोटांत चोळा, वास घ्या. टीपकागदावर एक थेंब टाकून तासाभराने बघा. काळ्या डागाभोवती फिकट तेलकट कडं दूर पसरलं असेल तर डिझेलचा संशय पक्का धरा. नोझल गळतं, किंवा डिझेल पंपाचं सील गेलेलं असतं. ते दुरुस्त न करता ऑइल बदललं तर काही दिवसांत पुन्हा तेच. ऑइल दुधाळ दिसलं तर हेड पॅकिंग किंवा ऑइल कूलर बघा, आणि तोवर गाडी चालवू नका.

जुन्या इंजिनला फ्लश मारणं

वर्षानुवर्षं चिकटलेली काळी मळी फ्लशने (आतून धुणाऱ्या द्रावणाने) एकदम सुटते आणि थेट जाळीत जाऊन बसते. काल ठीक असलेली गाडी आज दिवा दाखवते. त्यापेक्षा चेंबर उतरवा, जाळी डिझेलने धुवा. जाळीत सिलिकॉनचे शेंगदाण्याएवढे गोळे सापडले तर नवल नको: चेंबर बसवताना पॅकिंगवर सढळ हाताने लावलेली पेस्ट आतल्या बाजूला फुगते आणि तुटून पडते. कडेला पातळ रेघ पुरते.

चेंबर उतरलंच आहे तर एक बिग एंड कॅप आणि एक मेन कॅप (क्रँकची बेअरिंग धरणारी झाकणं) खोलून बघा. बेअरिंगच्या राखाडी पृष्ठभागातून तांबं दिसत असेल तर प्रश्न मिटला, क्रँक बहुधा ग्राइंडिंगला जाणार. नसेल तर प्लास्टिगेजने (दाबल्यावर चपटा होणाऱ्या, मोजायच्या धाग्याने) फट मोजा. अशा इंजिनांत ०.०४ ते ०.०८ मिमी सर्वसाधारण, ०.१ च्या पुढे प्रेशर टिकत नाही. जर्नल (क्रँकचा बेअरिंगमध्ये फिरणारा भाग) न मोजता नुसती स्टँडर्ड बेअरिंग घालणं म्हणजे पैसे पाण्यात. ग्राइंडिंग झालं तर ०.२५ किंवा ०.५० मिमी अंडरसाइज, क्रँकला जुळेल तीच.

रिलीफ व्हॉल्व्हचा प्लंजर (आतला दट्ट्या) ऑइल लावून भोकात सोडा. स्वतःच्या वजनाने खाली सरकला पाहिजे. एवढासा धातूचा कण अडकला तरी बरंचसं ऑइल परत चेंबरमध्ये जातं. स्प्रिंगखाली वॉशर घालून प्रेशर वाढवायची युक्ती मात्र करू नका, गरम स्लोवर तिचा उपयोग शून्य.

सगळं बसवल्यावर ऑइल पंपात आणि फिल्टरमध्ये ऑइल भरा. इंजिन पेटू नये म्हणून स्टॉप सोलेनॉइडची वायर काढा किंवा स्टॉप दांडी ओढून धरा, दहा-दहा सेकंद स्टार्टर मारा. मध्ये स्टार्टरला दम घेऊ द्या. गेजची सुई उठल्याशिवाय इंजिन पेटवू नका.