मुलांना म्हणी समजावताना या चुका टाळा

‘कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही,’ असं आजी म्हणायची आणि मला ती म्हण कितीतरी वर्षं रविवारच्या जेवणाची वाटायची. कोंबडं आणि तांबडं हे दोन शब्द शेजारी आले, की कोल्हापुरातल्या पोराला तिसरा शब्द सुचतो तो रस्सा. फुटायचं म्हणजे रश्श्यावर कट येतो तसं काहीतरी असणार. परवा माझ्या भाचीनंही अगदी हाच अर्थ लावला. वर विचारलं, “मी तर रस्साच समजलो की, मावशी! मग पांढरं कधी फुटतं?”

घरात हशा पिकला. त्यानंतर आठवडाभर तिनं एकाही म्हणीचा अर्थ विचारला नाही. सगळ्यात महाग पडणारी चूक हीच, म्हणून ती आधी सांगते: हसू नका. तिनं जोडलं ते तिच्या जगात नीटच जोडलं होतं. “तुझं बरोबर आहे, फक्त इथलं तांबडं आभाळातलं आहे,” एवढं म्हटलं असतं तरी पुरलं असतं. मग मी तिला पहाटे गच्चीवर नेलं. पूर्वी कोंबडा आरवला की दिवस उजाडला असं धरायचे. त्याला डालग्याखाली झाकून गप्प केलं तरी पूर्वेला तांबडं फुटतंच, हे तिनं डोळ्यांनी पाहिलं. परत समजावावं लागलं नाही.

दुसरी चूक शिकवण्यातली आहे. आपण म्हणीचा अर्थ सांगतो आणि म्हणीतली वस्तू दाखवायची विसरतो. ‘काखेत कळसा, गावाला वळसा’ याचा अर्थ ‘वस्तू जवळ असताना ती सगळीकडे शोधणे’ असा वहीत उतरवून घेतला की मार्क मिळतात. पण मुलाच्या डोळ्यांसमोर मात्र अंबाबाईच्या देवळाचा कळस काखेत धरून पळणारा माणूस असतो. कळस वेगळा, कळसा वेगळा. कळसा म्हणजे पाणी भरायचं अरुंद तोंडाचं भांडं, बायका ते कमरेवर घेऊन चालायच्या. भांड्यांच्या दुकानात नेऊन ते एकदा मुलाच्या काखेत द्या.

‘शितावरून भाताची परीक्षा’ याचंही तेच. शीतपेय, शीतगृह ऐकून मोठ्या झालेल्या मुलाला शीत म्हणजे थंड वाटतं. शीत म्हणजे शिजलेल्या भाताचा दाणा. हा शब्द घरातून जायला माझ्या मते कुकर कारण झाला. शिट्ट्या मोजून गॅस बंद केला की शीत दाबून बघायची वेळच येत नाही. एखाद्या दिवशी आजऱ्याचा घनसाळ तांदूळ पातेल्यात शिजवा, चमच्यावर एक दाणा घ्या आणि मुलाला बोटांनी दाबायला सांगा. ‘आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार’ यातला आड म्हणजे अरुंद विहीर आणि पोहरा म्हणजे दोरीनं आत सोडायचं भांडं. पोह्यांशी त्याचा काही संबंध नाही.

मला सगळ्यात जास्त खुपते ती तिसरी चूक: शब्द ओळखीचा आहे म्हणून पुढे निघून जाणं. ‘गाढवापुढे वाचली गीता, कालचा गोंधळ बरा होता.’ यातला गोंधळ म्हणजे दंगा, असं मोठी माणसंही बिनदिक्कत सांगतात. इथला गोंधळ म्हणजे देवीचा गोंधळ. संबळ, तुणतुणं, पेटलेली दिवटी आणि रात्रभर कथा सांगणारे गोंधळी. ‘कोल्हापूरच्या अंबाबाई, गोंधळाला यावं’ अशी हाक ज्यात घालतात, तो आपल्याच गावच्या पोरांना गडबड म्हणून शिकवावा, याचं वाईट वाटतं. अर्थ नीट लावला की म्हणही खुलते: गाढवाला गीता कळली नाही, त्याला आदल्या रात्रीचा वाजतगाजत झालेला गोंधळच बरा वाटला. ‘नमनाला घडाभर तेल’ हीसुद्धा याच उजेडात बघावी. रात्रीच्या खेळात मशालींना तेल लागायचं; नुसत्या नमनालाच घडाभर संपलं तर खेळ कधी होणार? मुलांना मात्र ते डोक्याला चोपडायचं तेल वाटतं.

काही चुका कानाच्या असतात. ‘उचलली जीभ, लावली टाळ्याला’ यात मुलाला दाराचं टाळं दिसतं. टाळा म्हणजे तोंडातलं छत, टाळू. हे सांगायला दुसरं काही लागत नाही. जीभ वर लावायला सांगा, झालं. ‘कानामागून आली आणि तिखट झाली’ ऐकून आमच्याकडे कांदा-लसूण चटणीच आठवणार. पण तिखट म्हणजे तीक्ष्णही. जनावराला कान आधी असतात, शिंगं मागून येतात आणि तीच जास्त टोकदार होतात.

चूक पकडायची कशी? “अर्थ सांग” म्हणू नका, मूल पाठ केलेलं म्हणून दाखवेल. “चित्र काढ” म्हणा. ‘चोराच्या मनात चांदणं’ याचं चित्र भाचीनं काढलं तेव्हा चोर चांदण्यात खूश होऊन बसला होता. मी तिला इतकंच विचारलं, “चोरी करायला उजेड बरा की अंधार?” तिनं थोडा विचार केला, चोराचं हसू खोडलं आणि त्याचे डोळे मोठे केले.

आणि एखादी म्हण तुम्हालाच कळत नसेल तर गोष्ट रचून सांगू नका. मूल ती खरी मानतं आणि पुढं आपल्या पोरांना सांगतं. “मला माहीत नाही, पणजीला विचारू,” असं म्हणा. आमच्याकडे तसा फोन लावला, तेव्हा पणजीनं एका म्हणीच्या बदल्यात आणखी चार घातल्या. त्यांतल्या दोन मलाही नव्या होत्या. भाचीची चित्रकलेची वही त्या दिवशी संपली.