जखमी मादी मांजर घरात घेताना: कमी पैशांतली तयारी

सगळ्यात आधी दार. औषध, डॉक्टर, पैसे या सगळ्याच्याही आधी अशी एक जागा ठरवा जिचं दार घट्ट लागतं, खिडकीला जाळी आहे आणि घरातलं कुणी चुकूनही ती उघडी टाकणार नाही. बाथरूम चालेल. एका खोलीच्या घरात मोठा पिंजरा चालेल. तो विकत घेऊ नका, कुत्रा पाळणाऱ्या कुणाकडे तरी माळ्यावर पडलेला असतो, तो महिन्या-दीड महिन्यासाठी मागून आणा. दारावर आतून-बाहेरून मोठ्या अक्षरांत ‘मांजर आत आहे’ असा कागद चिकटवा आणि मुलांना, कामाच्या मावशींना, शेजारच्या काकूंना तोंडीही सांगून ठेवा.

दाराचा एवढा आग्रह अशासाठी की नसबंदी न झालेली मांजरी माजावर आली की तिला दुखण्याचं भान राहत नाही. पायाला प्लॅस्टर असो, पोटावर टाके असोत, ती रात्रभर ओरडते, लोळते, खिडकीवर झेपावते आणि बाहेर आवारातले बोके आलेले असतात. मांजरीमध्ये सहसा बोक्याशी संबंध आल्यावरच बीजांड सुटतं, त्यामुळे एकदा निसटलेली मांजरी बहुतेक वेळा गाभण होऊनच परतते आणि सुमारे 63 ते 65 दिवसांनी पिल्लं होतात. संबंध आला नाही तर दोन-तीन आठवड्यांनी माज पुन्हा येतो. म्हणजे मोडलेलं हाड जुळायला लागणाऱ्या काळात तो एकदा तरी येणारच, असं धरूनच तयारी करायची. पैशांचा हिशोबही तिथेच बिघडतो: जखमेवर कसेबसे खर्च केले, आणि दोन महिन्यांनी अशक्त आई आणि चार पिल्लं पदरात.

जागा ठरली की अंथरूण. जुनी सुती साडी किंवा धुतलेली चादर घड्या घालून ठेवा, दोन-तीन जोड असू द्या, कारण पू आणि लघवीने रोज बदलावी लागते. टर्किशचा टॉवेल टाळा, नखं अडकतात. लपायला पुठ्ठ्याचं खोकं आडवं ठेवा. जखमी मांजराला पाठीमागे भिंत आणि डोक्यावर छप्पर लागतं, त्याशिवाय ते खात नाही. शी-शूसाठी उथळ ताट किंवा कापलेलं प्लॅस्टिकचं घमेलं घ्या, एक कड खाली कापा म्हणजे लंगडत चढता येईल. त्यात वाळू किंवा माती घालू नका, ती उघड्या जखमेत जाते. वर्तमानपत्राच्या बारीक पट्ट्या करा. रद्दी घरात असतेच.

उचलून आणायला महागडी बास्केट नको. बाजारात मिळणाऱ्या जाळीच्या दोन सारख्या प्लॅस्टिक टोपल्या तोंडाला तोंड लावून सुतळीने चारही बाजूंनी बांधल्या की रिक्षातून न्यायला पुरतं. धरताना जाड चादर वरून टाकायची, डोकं झाकायचं आणि चादरीसकट उचलायचं. पाठीला किंवा मागच्या पायांना मार असेल तर कडक पुठ्ठ्यावर सरकवून घ्यायचं, लोंबकळत नाही.

इथे स्वतःचीही तयारी. मांजर चावलं किंवा ओरबाडून रक्त आलं तर वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं जखम धुवायची आणि त्याच दिवशी सरकारी रुग्णालयात जायचं. रेबीजची लस तिथे मोफत मिळते. कातडी फुटून रक्त आलेलं असेल तर इम्युनोग्लोब्युलिनचंही, म्हणजे रेबीजविरुद्धच्या तयार प्रतिपिंडांच्या इंजेक्शनचंही, विचारायचं. ‘आपलीच आहे, काही होत नाही’ असं म्हणून थांबू नये. घरात कुणी गरोदर असेल तर शी-शूचं ताट दुसऱ्याने साफ करायचं, आणि रोज करायचं.

आता पहिली तपासणी. तोंड उघडून श्वास घेते आहे, हिरड्या पांढऱ्या किंवा निळसर आहेत, मागचे पाय ओढते आहे, गाडीखाली आल्यापासून चोवीस तासांत लघवी झालेली नाही, रक्त थांबत नाही, यांपैकी काहीही दिसलं तर पैशांचा विचार बाजूला ठेवून लगेच निघायचं. मांजराचं नेहमीचं तापमान साधारण 38 ते 39.2 अंश सेल्सिअस असतं, म्हणजे 100.5 ते 102.5 फॅरनहाइट. हात लावून ताप ओळखू येत नाही. एक साधा डिजिटल थर्मामीटर तिच्यासाठी वेगळा ठेवा.

मग पोट बघा. सड मोठे, गुलाबी, आजूबाजूचे केस गेलेले आणि दाबल्यावर दूध येत असेल तर पिल्लं कुठेतरी आहेत. टेरेस, पाण्याच्या टाकीची मागची बाजू, बंद दुकानाचं शटर, जिन्याखालचं सामान, त्याच दिवशी शोधा. सड गुलाबी आणि टणक पण दूध नाही, पोट भरलेलं, तर गाभण असू शकते, आणि हे डॉक्टरांना सगळ्यात आधी सांगायचं, कारण काही अँटिबायोटिक आणि स्टेरॉइड गाभण मांजरीला देत नाहीत. एका कागदावर लिहून न्या: नसबंदी झालेली नाही, शेवटचा माज कधी दिसला, आधी कधी व्याली, मार कसा आणि कधी लागला, किती खाल्लं. वजनही लिहा. रद्दीवाल्याच्या काट्यावर टोपलीसकट करा आणि टोपलीचं वजा करा. डोस वजनावर ठरतो, अंदाजावर नाही.

माज संपून काही आठवडे झालेत, खूप पाणी पिते, उलट्या होतात, पोट फुगलंय, मागून पू किंवा घाण वास येणारा स्राव येतोय, तर बाहेरची जखम बघत बसू नका. गर्भाशयात पू झालेला असू शकतो आणि त्यात जीव जातो. नसबंदी न झालेल्या मांजरीचं हे संकट आहे, आणि जखमेमुळे मरगळली असेल असं समजून ते बऱ्याचदा सुटून जातं.

कुठे जायचं ते आधीच शोधून ठेवा, रात्री अकराला शोधायला लागू नका. मुंबईकरांना परळचं बैलघोड्याचं हॉस्पिटल, म्हणजे बाई साकरबाई दिनशॉ पेटिट प्राण्यांचं रुग्णालय, माहीत असतं. पशुवैद्यकीय महाविद्यालयांचे दवाखाने मुंबई, नागपूर, परभणी, उदगीर, शिरवळ आणि अकोला इथे आहेत. तिथे शिकणारी मुलं असल्यामुळे वेळ जास्त लागतो, पण तपासणी कसून होते आणि खर्च खासगीपेक्षा बराच कमी. जिल्ह्याच्या ठिकाणी पशुवैद्यकीय सर्वचिकित्सालय असतं, तालुक्याला सरकारी पशुवैद्यकीय दवाखाना. तिथली गर्दी गाई-म्हशी-शेळ्यांची असते, एक्स-रे सगळीकडे नसतो, तरी ताप, सलाइन, इंजेक्शन, ड्रेसिंग तिथे होतं. आधी फोन करून मांजर बघतात का, डॉक्टर कधी असतात, एवढं विचारा. 1962 हा पशुवैद्यकीय मदतीचा टोल फ्री क्रमांक मुख्यतः गुराढोरांसाठी आहे, तरी जवळचा दवाखाना कोणता हे त्यावर विचारता येतं.

खासगीत गेलात तर पैशांचं पहिल्याच वाक्यात बोला. लाजायचं कारण नाही, आणि चांगला डॉक्टर त्याने नाराज होत नाही. ‘डॉक्टर, माझ्याकडे आज एवढे आहेत. आजच करायलाच हवं ते काय, आणि दोन दिवस थांबू शकतं ते काय?’ असं विचारा. खर्चाचा अंदाज लिहून घ्या. एक्स-रेचे फोटो मोबाइलवर मागून घ्या, म्हणजे दुसरीकडे जावं लागलं तर परत काढावा लागत नाही. रोजचं ड्रेसिंग घरी शिकवाल का, इंजेक्शनऐवजी गोळ्या चालतील का, त्याच औषधाची स्वस्त कंपनी कोणती, हे विचारण्याने भेटींचा खर्च वाचतो. सोसायटीच्या ग्रुपवर मदत मागायची तर बिलाचा फोटो टाका आणि पैसे थेट दवाखान्यात भरायला सांगा. लोक मोकळ्या मनाने देतात.

आता पिशवीत काय हवं. गॉज, कापूस नको कारण त्याचे तंतू जखमेत राहतात. चिकटपट्टी, रोलर बँडेज, सुया नसलेल्या 5 आणि 10 मिलीच्या सिरिंज, पोव्हिडोन आयोडीनचं द्रावण. जखम धुवायला सलाइन घरी होतं: अर्धा लिटर पाणी उकळून गार करायचं, त्यात चहाचा सपाट एक चमचा मीठ, रोज ताजं. सिरिंजने हळू धार सोडून घाण वाहून जाऊ द्यायची. पोव्हिडोन आयोडीन लावायचं तर पाण्यात फिक्क्या चहासारखा रंग येईपर्यंत पातळ करून. चावल्याच्या जखमा फसव्या असतात. वरचं भोक दोन दिवसांत बंद होतं आणि आत पू साठतो. गळ्याजवळ, शेपटीच्या मुळाशी, पायावर मऊ गरम गाठ आली तर ती घरी फोडू नका. डॉक्टर चीर देऊन आतून धुतात, मग ती भरते.

चाटणं थांबवायला गळपट्टा हवाच. जुनी एक्स-रे फिल्म शंकूच्या आकारात कापून, कडेला कापसाची पट्टी आणि चिकटपट्टी लावून तो घरी होतो. गळ्याभोवती दोन बोटं जातील एवढी जागा ठेवा आणि खाताना समोर बसून काढा. पोटावरच्या जखमेला जुन्या मोज्याचा किंवा लहान मुलाच्या बनियनचा अंगरखा पाय काढायला भोकं पाडून चालतो.

घरातल्या कपाटातून तिच्यापासून दूर काय ठेवायचं, ही यादी मी सगळ्यांत मोठ्याने वाचेन. पॅरासिटामॉल नाही. मांजराच्या यकृताला त्याचं विष उतरवता येत नाही आणि माणसाची एक गोळी तिचा जीव घेऊ शकते. आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक, ॲस्पिरिन, काही नाही. दुखणं थांबवायचं औषध डॉक्टरच देतील. डेटॉल नाही, फिनाइल नाही; ती अंग चाटते आणि ते पोटात जातं. जखमेत किडे पडले की आपल्याकडे टर्पेंटाइन किंवा कापूर घातलेलं तेल टाकतात, गुरांसाठी चालणारे स्प्रे मारतात. मांजराला त्यातलं बरंच विषारी आहे. पावसाळ्यात किडे पडायला एक-दोन दिवस पुरतात, तेव्हा चिमट्याने दिसतील तेवढे काढा आणि दवाखाना गाठा. कुत्र्याच्या गोचिडांचं परमेथ्रिन असलेलं औषध मांजरीच्या अंगावर टाकू नका. हळदही जखमेत भरू नका, ती सुकून कडक होते आणि आतली घाण दिसत नाही. मागच्या वेळच्या उरलेल्या अँटिबायोटिक गोळ्या अंदाजाने देऊ नका. डॉक्सिसायक्लिन दिलं असेल तर गोळीनंतर लगेच 5 मिली पाणी सिरिंजने पाजा, गोळी अन्ननलिकेत अडकून तिथे जखम करते.

खायला दूध-पोळी नको. मोठ्या मांजरांना दूध पचत नाही आणि जखमी असताना जुलाब परवडत नाहीत. उकडलेलं चिकन, मीठ-हळद-कांदा-लसूण काहीही न घालता, हाडं काढून. त्याच पाण्यात कुस्करून. उकडलेलं अंडं. काटे काढलेली साधी मासळी. कलेजी थोडीच, रोज नाही. सुकट खारट असते, ती नको. शाकाहारी घरात अडचण होते, मला कळतं, पण मांजराला प्राणिज अन्नच लागतं. कोरड्या खाण्याचं लहान पाकीट आणा आणि कोमट पाण्यात भिजवा. अन्न किंचित कोमट केलं की वास येतो आणि ती तोंड लावते. पूर्ण दोन दिवस खाल्लं नाही तर वाट बघू नका, उपाशी मांजराच्या यकृतावर चरबी चढते.

गाडीच्या धक्क्यात कमरेचं हाड मोडणं नेहमीचं आहे, आणि इथे पैसे नसलेल्यांसाठी खरा दिलासा आहे. अशी कित्येक मोडलेली हाडं ऑपरेशनशिवाय, फक्त चार ते सहा आठवडे पिंजऱ्यात उडी न मारता ठेवल्याने जुळतात. कोणतं जुळेल ते एक्स-रे बघून डॉक्टर सांगतात. पण जुळताना कमरेची वाट अरुंद होऊ शकते, आणि पुढे गाभण राहिली तर पिल्लू अडकतं. अशा मांजरीची नसबंदी टाळणं म्हणजे अडलेलं बाळंतपण आणि रात्री-अपरात्री सिझेरियनचा खर्च ओढवून घेणं.

म्हणून नसबंदीचं पहिल्या दिवशीच विचारा. मोठी जखम शिवायला किंवा हाडात रॉड घालायला भूल द्यावीच लागणार असेल, तर त्याच भुलेत नसबंदी होईल का, हा प्रश्न भुलेचा खर्च वाचवू शकतो. जखम कुजलेली, अंगात ताप, रक्त कमी, तर डॉक्टर नाही म्हणतील आणि ते बरोबर आहे. मग तारीख ठरवा: ताप गेल्यावर, वजन भरल्यावर, जखम मिटल्यावर. दूध पाजणारी असेल तर पिल्लं खायला लागेपर्यंत थांबायचं, पण बंद दाराआड, कारण पाजतानाही ती गाभण राहते. महापालिकेच्या किंवा संस्थांच्या सवलतीच्या शिबिरांत नाव आधी घालावं लागतं, तो फोन जखम ओली असतानाच करा. तोवर माज थांबवायला गोळ्या किंवा इंजेक्शन कुणी सुचवलं तर घेऊ नका. त्यांनी गर्भाशयात पू होण्याचा आणि स्तनांच्या गाठींचा धोका वाढतो.

नसबंदीनंतर साधारण दहा ते चौदा दिवस तोच गळपट्टा, तीच खोली. रेबीजची लस तिला बरी झाल्यावर द्या, सरकारी दवाखान्यात विचारा. आणि हातात थोडे पैसे उरलेच तर आवारातल्या त्या बोक्याचंही करून घ्या. त्याचं ऑपरेशन लहान आणि मादीपेक्षा स्वस्त असतं, दोनच दिवसांत तो हिंडायला लागतो, आणि भांडणातल्या चावण्याच्या जखमाही कमी होतात.